अंडं धुवायचं नसतं

सकाळी साडेसहाला आमच्या खुराड्यात कालवा सुरू होतो. फळ्यांच्या फटीतून चोची बाहेर येतात, दारावर टकटक होते, आणि कुंपणापलीकडून शेजारची काकू रोजचा प्रश्न टाकते, “काहून कोंडून ठेवलं बाप्पा बिचाऱ्याइले?” बदकांचं अंडं द्यायचं काम पहाटेपासून नऊपर्यंत चालतं, त्याआधी सोडलं तर अंडं बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, गाळात जातं, हे मी तिला आजवर निदान पन्नासदा सांगितलं असेल. ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. आता तर ती कुठे गावाला गेली असली की मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नऊला दार उघडतो. एकामागे एक, डुलत, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखी ती बोडीकडे जातात. मग मी टोपली, खराटा आणि घमेलं घेऊन वाकून आत शिरतो. बदकं किती आहेत, अंडी किती देतात, भाव काय मिळतो, हे येणारा प्रत्येक जण विचारतो. या पुढच्या अर्ध्या तासाबद्दल कोणी विचारत नाही.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीपासून फार लांब नाही. झाडीपट्टीचा मुलूख. अमरावती-यवतमाळकडचे पाहुणे पहिल्यांदा येतात तेव्हा त्यांना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिसत नाही म्हणून चमत्कारिक वाटतं. इथे धानाच्या बांध्या (भाताची खाचरं), बांध्यांना धुरे (बांध), धुऱ्यांवर तूर, आणि थोडं चाललं की एखादी बोडी नाहीतर मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ साली संपली, तलाव मागे राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो आहेत, आणि त्यांतले कित्येक कोहळी लोकांनी बांधलेले. इतकं पाणी उशाला असून आमच्या गावात बदकं मात्र दोन-तीन घरांतच. कारण विचारलं तर लोक एका शब्दात सांगतात: घाण.

ते खोटं नाही. बदकाची विष्ठा जवळजवळ पाणीच असते. कोंबडीची वाळली की खराट्यानं निघून जाते, बदकाची पसरते, तणसीत, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांत, मुरते, वर पाय पडतात, तेच पाय पुढे अंड्यावर पडतात. त्यात बदकाला पाण्याशिवाय घास गिळता येत नाही. तोंडात दाणा घ्यायचा, चोच पाण्यात बुडवायची, पुन्हा दाणा. नाकपुड्या धुवायलाही त्याला निदान चोच पूर्ण बुडेल एवढं पाणी लागतं. हे सगळं पाणी शेवटी जमिनीवर येतं. प्राणी स्वतः इतका टापटिपीचा की दिवसातून दहादा पंख धुईल, एकेक पीस चोचीनं विंचरून शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल त्याला लावील. आणि ज्या जागेवर झोपतो तिचा चिखल करून ठेवील. माणसांतही असे लोक मी पाहिले आहेत, पण तो विषय वेगळा.

आणि गंमत अशी की पक्ष्यांत विदर्भाचा मान कुणाचा, तर हंसाचा. दमयंती आमच्याकडची, विदर्भराजा भीमाची मुलगी. नळाचा निरोप तिच्यापर्यंत हंसानं पोचवला. सोन्याच्या पंखांचा तो हंस राजवाड्याच्या बागेत उतरला, बोलला, उडून गेला. त्याच्यामागे बाग कोणी झाडली याचा उल्लेख कुठे नाही. हंस आणि बदक एकाच कुळातले. तेव्हा घमेलं उचलताना कधीकधी मनात येतं की दमयंतीच्या वाड्यावरही माझ्यासारखा कोणीतरी असणार.

मी २०१७ साली नागपूरची हिशेबाची नोकरी सोडून गावी आलो. वडील जाऊन वर्ष झालं होतं, माय एकटी होती, आणि मलाही खुर्चीचा कंटाळा आला होता. पहिल्या पावसाळ्यातच पाच माद्या आणि एक नर घेतला, खाकी कॅम्पबेल. रंग नावाप्रमाणे, हवालदाराच्या जुन्या पँटीचा. ही जात इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तयार केली. त्यांनी आधी इंडियन रनर आणि रुआँ या जातींचा संकर केला, पुढे त्यात रानबदक मिसळलं. इंडियन रनर हे नाव ऐकून आपली छाती फुगते, पण ते बदक मुळात इंडोनेशियाकडच्या बेटांवरचं. खाकी कॅम्पबेलची मादी नीट ठेवली तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. मी हिशेबनीस माणूस, ‘तीनशे’ वाचलं आणि ‘नीट ठेवली तर’ हे शब्द डोळ्यांखालून तसेच निघून गेले.

पहिली अंडी मिळाली ती चिखलानं माखलेली. शहरात वीस वर्षं राहिलेल्या माणसाला यावर एकच उपाय सुचतो. मी विहिरीचं गार पाणी बादलीत काढलं, भांड्यांचा साबण घेतला, जुना टूथब्रश घेतला आणि एकेक अंडं लख्ख घासून काढलं. संगमरवरासारखी दिसायला लागली. ट्रेमध्ये लावून मायला दाखवली. ती पाहत राहिली आणि म्हणाली, “अंडे धुवाचे नसतेत बापू. जागा झाडाची असते.”

मला वाटलं, हे जुन्या बायकांचं काहीतरी. अमावास्येला हे करू नये, मंगळवारी ते करू नये, त्यातलंच. खाकी कॅम्पबेल सहसा खुडूक होत नाही, अंडी देते आणि विसरून जाते, म्हणून आमची एक तांबडी गावठी कोंबडी खुडूक बसली तेव्हा तिच्याखाली त्या चकचकीत अंड्यांतली नऊ ठेवली. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, बदकाला अठ्ठावीस लागतात, म्हणजे बिचारीला आठवडाभर जास्त बसायचं होतं. ती बसली. सतराव्या की अठराव्या दिवशी कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, वास यायला लागला. मला वाटलं उंदीर मेला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी फट्कन आवाज झाला आणि कोंबडी ओरडत बाहेर आली, पोटाखालची पिसं हिरवट-काळ्या चिकट घाणीनं भिजलेली. एक अंडं आतल्या वायूनं फुटलं होतं. त्या वासाचं वर्णन करत नाही. आम्ही दोन दिवस अंगणात जेवलो. बाकीच्या आठांत चार नासलेली होती, त्या स्फोटानंतर उरलेलीही गेली. नऊपैकी एकही पिलू नाही.

माय तेव्हा ‘मी सांगितलं होतं’ म्हणाली नाही. तिनं राखेनं कोंबडीचं पोट पुसून काढलं आणि तिला उन्हात सोडलं.

का असं होतं ते मला पुढे हळूहळू कळलं. अंड्याचं कवच बंद डबा नाही, त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. आतल्या जिवाला त्यांतूनच श्वास मिळतो. अंडं बाहेर येतं तेव्हा ते पक्ष्याच्या अंगाइतकं गरम आणि किंचित ओलं असतं. वर एक पातळ थर असतो, तो वाळला की छिद्रांवर झाकण बसल्यासारखं होतं. मी टूथब्रशनं जे काढलं ते नेमकं तेच. त्यात गार पाणी. गरम अंडं गार झालं की आतला ऐवज आकसतो, आणि आकसताना ते बाहेरची हवा आत ओढतं. अंड्याच्या बोथट टोकाला जी पोकळी दिसते ती अशीच तयार होते. बाहेर हवेऐवजी घाणीचं पाणी असेल तर तेही आत जातं. म्हणजे मी घाण काढत नव्हतो, प्रत्येक अंड्याला ती पाजत होतो.

यातून दुसरी गोष्ट निघते, ती जास्त महत्त्वाची. अंडं आपोआप पहिल्यांदा गार होतं ते घालून झाल्यावर लगेच. त्या पहिल्या काही मिनिटांत ते ज्या जागेवर पडलेलं असतं तिथलं जे असेल ते आत जाणार. मी तर नऊ वाजता आत जातो. तोवर जे व्हायचं ते पहाटे पाचलाच होऊन गेलेलं असतं. माझ्या हातात उरते ती फक्त आदल्या दिवशी केलेली झाडलोट. मायचं वाक्य मला त्या दिवशी समजलं, तेही पुस्तकातून, याची थोडी लाज वाटते.

मग जागेच्या मागे लागलो. पुस्तकी माप असं: फूटभर रुंद, फूटभर उंच, दीड फूट खोल, तीन बदकांमागे एक घर. नागपूरहून येताना सामान भरून आणलेल्या संत्र्याच्या लाकडी पेट्या घरात पडून होत्या. त्या आडव्या टाकल्या, आत तणस घातली. बदकांनी आठवडाभर ढुंकून पाहिलं नाही. फळ्यांच्या फटींतून सगळीकडून उजेड येत होता, आणि अंडं देणाऱ्या मादीला अंधार लागतो, पाठीमागे भिंत लागते. बाजूंनी पोती ठोकली, तोंडं दाराकडून फिरवून भिंतीकडे केली. तेव्हा एक आत गेली. एक गेली की बाकीच्या जातात, आणि मग सगळ्यांना तीच एक पेटी हवी असते. तीन पेट्या रिकाम्या आणि चौथीसमोर रांग. रेशनच्या दुकानासारखं.

तोंडाशी चार-पाच बोटं उंच एक फळी आडवी मारली, उंबरठ्यासारखी, म्हणजे तणस बाहेर सांडत नाही आणि अंडं गडगडत नाही. पाण्याचं टोपलं पेट्यांपासून अगदी दूरच्या कोपऱ्यात नेलं. खाली हातभर खड्डा खणून त्यात दगडगोटे भरले, वर बांबूच्या कांबांची जाळी टाकली. सांडलेलं पाणी खाली मुरतं, पायांना लागत नाही. आणि पेट्यांसमोर दोन हात रुंदीचा पट्टा राईस मिलमधून आणलेल्या धानाच्या भुशाचा. ओल्या पायांनी आलेलं बदक त्यावरून चार पावलं चालतं तेवढ्यात पाय निम्मे कोरडे होतात. हा पट्टा ही माझी स्वतःची अक्कल. मला तिचा फार अभिमान आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

रोजचं काम मग सोपं होतं. अंडी उचलायची, प्रत्येक पेटीतली वरची भिजलेली तणस मुठीनं काढायची, तेवढीच कोरडी वर घालायची. सगळं उपसायचं नाही. बदक पोटानं रेटून रेटून तणसीत एक खळगा करतं, ताटलीसारखा. तो मोडला तर दुसऱ्या दिवशी ते तिथे बसायला कुरकुरतं आणि बाहेर कुठेतरी अंडं टाकतं. सुरुवातीला मी रोज सगळं काढून नवं अंथरत होतो, हॉस्पिटलच्या चादरीसारखं, आणि अंडी मात्र भुशात सापडत होती. आठवड्यातून एकदा पेट्या पूर्ण रिकाम्या करतो, उन्हात पालथ्या टाकतो, तळाला चुलीची राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला पसरतो. तो खळगा मग मी स्वतःच्या मुठीनं करून देतो आणि त्यात एक अंडं खूण म्हणून ठेवतो. खुणेचं अंडं सुताराकडून लाकडाचं करून घेतलं आहे. ते एका पाहुण्यानं एकदा उकडायला घातलं होतं.

सारवणावरून माझा आणि मायचा वाद झाला. तिचं म्हणणं, जमीन शेणानं सारवलीच पाहिजे, शेणानं शुद्ध होते. मी म्हटलं, घराची सारव, पण जिथे ओलं गरम अंडं पडणार तिथे ओलं शेण नको. दोन दिवस अबोला. मग तिनंच तोड काढली: पांढरी माती आणि राख कालवून सारवायची, दोन दिवस कडक वाळू द्यायची, मगच पेट्या ठेवायच्या. चुना मी फक्त बाहेरच्या जमिनीवर मारतो, तोही बदकं बाहेर असताना; त्यांच्या पायांच्या पातळ पडद्याला तो जाळतो.

तणसीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात मोठा फटका मला तिनं दिला. बदक ओल्याला घाबरत नाही, बुरशीला मात्र फार हळवं असतं. एका वर्षी धान कापून बांधीत पडलेलं असताना अवकाळी आला. पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, भिजले, मळणी झाली, तणस वाळल्यासारखी दिसली आणि आम्ही ती रचून ठेवली. त्या हिवाळ्यात कोंबडीखाली सात पिलं निघाली होती. मी हौसेनं त्यांच्या टोपल्यात जाड मऊ तणस घातली, थंडीचे दिवस, उबेला म्हणून. पाचव्या दिवशी एक पिलू मान लांब करून, चोच उघडून श्वास घेताना दिसलं. आवाज नाही, खोकला नाही, नुसतं तोंड उघडं. संध्याकाळपर्यंत तीन तशी झाली. आठवड्यात चार मेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक उघडून दाखवलं: एवढंसं फुप्फुस, आणि त्यावर मोहरीएवढे पिवळट पांढरे दाणे. म्हणाले, तणस आणा. मी मूठभर नेली. त्यांनी ती खिडकीतल्या उन्हात झटकली. उन्हाच्या तिरिपेत हिरवट धूर उठला. तो धूर मी स्वतःच्या हातानं पिलांच्या अंथरुणात घातला होता. यावर औषध चालत नाही, ते म्हणाले. पुढच्या वेळी आधी झटकून पाहा.

तेव्हापासून नवी तणस आली की मी पहिली मूठ उन्हात झटकतो आणि हुंगतो. नाक खाजलं तर ती बदकांच्या घरात जात नाही, खताच्या टाक्यात जाते. सोयाबीनचं कुटार वापरून पाहिलं, टोचतं. नुसता भुसा जमिनीला चांगला, पण त्याचा खळगा राहत नाही. कोरड्या तणसीला तोड नाही. एवढ्यासाठी मी आता पुंजण्यातली मधली तणस वेगळी काढून माळ्यावर ठेवतो, बैल विकल्यापासून जागाही आहे.

बुरशीचं आणखी एक रूप खाण्यातून येतं, आणि तेही बदकाला लवकर बाधतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी अचानक मेले, बदकांची पिलंही मेली. कारण निघालं ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. तिच्यात वाढलेल्या बुरशीचं विष ते अफ्लाटॉक्सिन, आणि त्या विषाचं नाव जगाला तेव्हाच कळलं. आपल्याकडे खराब झालेला मका, काळी पडलेली ढेप ‘जनावराला घाला’ म्हणून बाजूला काढतात. बदकाच्या पिलाला ती घालू नका, इतकंच.

पावसाळा हा आमच्या अर्ध्या तासाचा खरा शत्रू. जुलैत काहीच वाळत नाही. माणसांचे कपडे वाळत नाहीत तिथे तणशीचं काय. त्या दिवसांत अर्ध्या तासाचा तास होतो, कधी दोनदा आत जावं लागतं, आणि तरी रोज दोन-चार अंडी माखलेली निघतात. त्यांचं काय करायचं हेही आता ठरलेलं आहे. थोडी घाण असेल तर कोरड्या खरखरीत फडक्यानं खरवडून काढायची. फार माखलेली असतील ती उबवायला ठेवायची नाहीत, विकायची नाहीत, घरी वापरायची. शिजवायच्या आधी लगेच धुवायची, तेही कोमट पाण्यानं, आणि पूर्ण कडक उकडायची. बदकाचं अंडं अर्धकच्चं खाऊ नये. गावात काही जण दम्यावर चांगलं म्हणून नेतात. मी त्यावर काही बोलत नाही, फक्त ‘चांगलं उकडा’ म्हणतो.

उन्हाळ्यात जागा आपोआप कोरडी राहते, पण तेव्हा दुसरीच तारांबळ. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पेटीत राहिलेल्या अंड्यात कुणी न बसताच आत जीव धरायला लागतो, आणि अर्धवट वाढून मरतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये अंडी आठच्या आत उचलून ओल्या वाळूत रुतवलेल्या मडक्यात ठेवतो. दार लवकर उघडावं तर अंडी बोडीत, उशिरा उघडावं तर बदकं उकाड्यानं धापा टाकतात. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. रोज सकाळी आकाशाकडे पाहून ठरवतो.

गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे. त्यांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानात आमच्या गावानंही एका वर्षी भाग घेतला होता. समिती पाहणीला येणार म्हणून निरोप आला: दोन दिवस तुमची बदकं दिसू देऊ नका. मी ती शेतावर नेली. समिती आली, रस्ते पाहिले, भिंतींवरची वाक्यं वाचली आणि गेली. त्या दोन दिवसांत बदकांनी सोळा अंडी बांधीच्या चिखलात टाकली, आणि घरचं खुराडं, जे त्या आठवड्यात गावातली बहुधा सर्वांत नीट झाडलेली जागा असेल, ते कोणी पाहिलं नाही. मला राग आला होता. माय म्हणाली, “बाबा असते तं खराटा घेऊन आधी मागच्या सांदवाडीतच आले असते.”

त्या खुराड्यातला कचरा जातो कुठे, तर नाडेपमध्ये. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, नाडेपकाका, यांनी काढलेली ही पद्धत विदर्भात जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहे: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा जाळीदार विटांचा टाका, त्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. बदकाची भिजलेली तणस त्यात इतकी छान कुजते की तीन-चार महिन्यांत हाताला काळी भुसभुशीत माती लागते. आमच्या वांग्यांचं सगळं श्रेय तिला.

आता काळीबद्दल.

मेव्हण्यानं गडचिरोलीकडून एक वेगळीच जोडी आणून दिली. काळी-पांढरी, जड, तोंडावर लाल फोड आलेले. मस्कोव्ही. ही मूळची अमेरिकेतली, दक्षिण आणि मध्य भागातली. आपल्या बाकीच्या बदकांशी हिचं नातं दूरचं, इतकं की त्यांचा संकर झाला तर संतती वांझ निघते. ही क्वॅक करत नाही, फुसफुसते. मादीला माय काळी म्हणायला लागली. आणि काळी माझ्या एकाही पेटीत गेली नाही. भुशाचा पट्टा, उंबरठा, कडुनिंब, सगळं तिनं पाहिलं आणि कोठ्यातल्या धान्य साठवायच्या जुन्या रिकाम्या ढोलीमागे, जिथे मी वर्षानुवर्षं खराटा घातला नव्हता, तिथे जाऊन बसली.

फेब्रुवारीत तिनं अकरा अंडी जमवली. बसायची वेळ आली तेव्हा पोटाखालची करडी लव चोचीनं उपटून तिनं अंड्यांभोवती गादी केली. दिवसातून एकदा, दुपारी, उठायची. उठण्याआधी लव आणि काडीकचरा ओढून अंडी पूर्ण झाकायची, जणू तिथे काही नाहीच. मग दूर जाऊन, घरट्यापासून चांगली वीस पावलं लांब, एकदाच मोठी घाण करायची, तिचा वास सहन होण्यासारखा नसतो. मग टोपल्यात अंघोळ, दोन घास, आणि ओल्या पोटानं परत. कोंबडीखाली बदकाची अंडी असली की शेवटच्या दिवसांत मला त्यांवर कोमट पाणी शिंपडावं लागतं. काळीला ते सांगावं लागलं नाही.

मी बघत होतो आणि हात शिवशिवत होते. ढोलीमागे कोळ्यांची जाळी, जुना भुसा, उंदरांच्या लेंड्या. माझ्या सगळ्या शिस्तीच्या विरुद्ध. पण बसलेल्या मादीला दचकवून उठवलं तर ती घाबरून अंड्यांवरच घाण करते, आणि मग झाडण्यासारखं खरंच काहीतरी होतं. म्हणून मी तिच्या दुपारच्या दहा मिनिटांत फक्त कडेची जाळी काढायचो, वाटेवर कोरडा भुसा टाकायचो, आणि निघायचो. घरट्याला हात लावला तो एकदाच. विसाव्या दिवसाच्या सुमारास एक अंडं चिरलेलं दिसलं, त्यातलं पिवळं शेजारच्या दोघांना लागलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर सगळी नासली असती. ती पाण्यावर गेली तेव्हा मी गुडघ्यावर बसून फुटकं अंडं आणि चिकट झालेली तणस बोटांनी उचलली, कडेची कोरडी आत सरकवली, लागलेल्या दोन अंड्यांवरचं कोरड्या कापसानं टिपून घेतलं. पुसलं नाही. लव जशी होती तशी वर ओढली. बाहेर आलो तर ती दारात उभी, मान पुढे काढून फुसफुसत. मी बाजूला झालो. ती आत गेली, बराच वेळ काहीतरी मागे-पुढे करत राहिली, माझं काम नापसंत असल्यासारखं, आणि मग बसली.

पस्तीस दिवस लागतात तिच्या अंड्यांना. छत्तिसाव्या दिवशी सकाळी ढोलीमागून बारीक चिवचिव आली. दहापैकी आठ निघाली, पिवळी-काळी. दोन राहिली, त्यांतलं एक मी पिवळं टिपलं होतं त्यांतलं होतं. मायचे डोळे आता अधू झाले आहेत. तिनं ते अंडं कानाशी धरलं, हलवलं, आणि माझ्या हातात दिलं. मी ते टाक्यात खोल पुरलं.

काळी पिलं घेऊन अंगणात गेल्यावर ढोली सरकवली. लव, टरफलं, जुना भुसा, सगळं घमेल्यानं काढलं, भिंतीला चुना फासला, जमीन माती-राखेनं सारवली आणि दोन दिवस वाळू दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून तणस काढून आणली, झटकली, हुंगली, आणि कोठ्यात आलो. ढोलीमागे खाकीतली सर्वांत म्हातारी मादी बसलेली होती, उघड्या जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून. पेट्यांत पाच वर्षं अंडी दिलेली. माझी चाहूल लागली तशी तिनं मान थोडी आत ओढली, पण उठली नाही.

बाहेरून काकूचा आवाज आला. मी तणस हातात धरून दारातच उभा राहिलो.